अर्धवट घरटी

मयूर विहारच्या आमच्या घरापासून यमुनेकाठची सखल जमीन चालत पंधरा मिनिटांवर आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, पाणकणसं माजतात आणि पाण्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबू लागतात. मी रोज सकाळी तिथे जाते. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही.

विणतो तो नर. त्याच्या डोक्यावर पिवळी टोपी असते. गवताच्या पात्याची लांब पट्टी चोचीने सोलून आणतो, डहाळीला गाठ मारतो आणि उलटा लटकून विणत बसतो.

यंदा सोसायटीच्या गणपतीची आरास आमच्या जाऊबाईंकडे होती. जेवताना म्हणाल्या, "थर्माकोल बिल्कुल नको. तू रोज नदीवर जातेस ना? चार-पाच घरटी आण, लांब नळीवाली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात पिल्लं आहेत."

"अच्छा!" जाऊबाई ह्यांच्याकडे वळल्या. "भावोजी, ऐकलंत? तुमच्या बायकोला आवाज आहे."

सगळे हसले. माझे कान तापले. विषय संपावा म्हणून मी घाईने म्हटलं, "दोन अर्धवट सोडलेली आहेत. ती आणते."

मला तसंच वाटलं होतं. दोन्ही घरट्यांना वरचा घुमट होता, खाली नळी नव्हती, आणि दोन दिवसांत त्यांवर एकही नवं पातं चढलं नव्हतं. विणकाम असं पडून राहिलं म्हणजे विणणाऱ्याने ते सोडलं, हे मी माझ्या स्वेटरांवरून ठरवलं. स्वयंपाकघरातली कात्री नेऊन दोन्ही कापून आणली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फांदीवर तसंच एक अर्धं घरटं होतं. त्यात एक मादी शिरली. तिने आतले धागे ओढून पाहिले आणि तिथेच बसली. नराने लगेच पुढचं विणायला घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो काम सोडत नाही, तिच्या पसंतीसाठी थांबतो. मी कापलेल्या जागी एक नर पंख फडफडवत ओरडत होता. एक मादी आली, उघड्या डहाळीवर क्षणभर टेकली आणि उडून गेली.

गणपतीच्या दोन्ही बाजूंना ती घरटी टांगली होती. लोक फोटो काढत होते. जाऊबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या हिने आणली हो!" आरतीत माझी टाळी दोनदा चुकली. पिल्लं आहेत हे बोलले, तसं हेही सांगावं, असं मनात येत राहिलं. सांगितलं नाही. घरटी परत नेऊन बांधता येत नाहीत.

गणपती गेले तरी मी रोज जाते. भाजी गॅसवर ठेवून गेले, दोनदा करपली. हे विचारतात, "एवढं काय आहे तिकडे?" मी करपलेलं पातेलं घासायला घेते.

काल त्या नराने त्याच डहाळीला नवी गाठ मारली. आज घरट्याचं पहिलं कडं अर्धं झालंय. पाऊस ओसरलाय आणि काठचं गवत पिवळं पडायला लागलंय. हिरवं पातं आणायला तो आता पार पलीकडच्या काठाला जातो. परत यायला त्याला फार वेळ लागतो.