चिखलात घोकलेलं इंग्रजी

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो. तरी भिवपुरीच्या वीजघरात यंत्रं चालू-बंद करायच्या बोर्डावर बसायचंच, हे मी ठरवलं होतं. तेव्हा मी खाली यंत्रांना तेल घालायचो. बोर्डावरच्या माणसाला साहेबापुढं इंग्रजीत बोलावं लागे. आपण यायच्या आधी काय झालं होतं, आता काय चाललंय, अमुक केलं नाही तर काय होईल. सुटे शब्द मला येत होते, वाक्य जुळत नव्हतं.

कर्जतच्या बाजारात एक कोकणी मुसलमान चाचा दुकान चालवायचे. उमेदीत जहाजावर नोकरीला होते, इंग्रजी तिथंच शिकले. दर आठवड्याला ते मला पुडीच्या कागदावर दहा वाक्यं लिहून देत. "अर्थ मागून विचार. आधी जिभेला वळण लाव," म्हणत.

त्यात भाताची लावणी आली. सुट्टीच्या दिवशी गावी पोशीरला शेतात मी वाक्यं घोकायचो. एक पाऊल मागं, एक रोप चिखलात, एक शब्द तोंडात. "द मशीन, हॅड स्टॉप्ड, बिफोर, आय केम." ओळीतल्या बायांची हसून मुरकुंडी वळायची. बायको म्हणाली, "अवो, भाताला इंग्रजी नका शिकवू, वाफ्यात साहेब उगवतील!"

"तू बघत रा गं," मी म्हणालो.

पाऊस सरता साहेबानं बोर्डाच्या कामासाठी पारखायला बोलावलं. सकाळी काय झालं होतं, सांग. मी ताठ उभा, तोंडातून शब्द फुटेना. साहेबाशेजारी बसलेला कारकून म्हणाला, "जा रं, तेलाचा डबा उचल."

माझं डोकं फिरलं. तिथंच कमरेत वाकलो, एक पाऊल मागं टाकलं आणि वाक्य आलं. दुसरं पाऊल, दुसरं वाक्य. यंत्र का थांबवलं होतं, थांबवलं नसतं तर कसं तापलं असतं, सगळं सांगत सांगत दारापर्यंत मागं गेलो.

कारकून पोट धरून हसला. साहेब हसला नाही. म्हणाला, बोर्डापुढं मागं सरकायला जागा नाही. उभं राहून बोलता येईल तेव्हा ये.

राग आला, पण बोलणं खरं होतं. मग रोज घरामागच्या जांभळीच्या बुंध्याला पाठ टेकून बोलायचो, म्हणजे पाऊल मागं पडणार नाही.

दिवाळीनंतर गेलो. कारकून म्हणाला, "परत नाचणार काय रं?"

"नाय. बोलणार."

बोललो. साहेबानं मधेच अडवून दोन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं चाचांच्या कुठल्याच कागदावर नव्हती. ती मी उभ्या उभ्या जुळवली, चुका झाल्या, पण थांबलो नाही. पुढल्या महिन्यापासून माझी पाळी बोर्डावर लागली.