कडं काढलेली पेटी

कडक ऊन पडलं की आमचा दादा खुशीत असतो आणि ढग दिसले की घाबरून छपराकडे बघत बसतो. सौरऊर्जेवर पोट भरणाऱ्याला ढग नकोच असणार, असं लोक म्हणतात. त्यांना काय कळतंय! त्याची भीती कसली आहे, ते मी धाकटी बहीण म्हणून जवळून पाहिलंय.

तो पेट्या बनवतो. वर स्वस्तातलं प्लॅस्टिकचं भिंग, तळाशी नखाएवढा सोलर सेल. भिंग सगळं ऊन त्या नखावर गोळा करतं, म्हणून महागडा सेल अगदी जरासा लागतो. एक मोटर सगळ्यात जास्त उजेड शोधत पेटीला दिवसभर सूर्याकडे वळवत राहते. ती जरा चुकली, की उन्हाचा ठिपका सेलवरून घसरून शेजारच्या वायरी जाळतो. म्हणून सेलभोवती ॲल्युमिनियमचं कडं असायचं. पेटी आणखी स्वस्त करायच्या नादात दादाने तेच काढून टाकलं. "मोटर चुकणारच नाही गं," मला म्हणाला. हट्टीपणात त्याचा हात कोणी धरणार नाही.

पहिली पेटी आमच्याच छपरावर बसली. छपराखाली लाकडी तक्तपोशी आणि तिच्याखाली आईची खाट. कंबरेचं हाड मोडल्यापासून आईला दोघांनी धरल्याशिवाय उठता येत नाही.

त्या दुपारी ढगांची ये-जा चालली होती. जेवता जेवता दादाचा हात थांबला.

"ढगाच्या उजळ कडेलाच मोटर सूर्य समजली तर?"

तेवढ्यात बाहेर लख्ख ऊन पडलं आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. दादा ताटावरून उठून जिन्याकडे धावला, मी त्याच्या मागे. पेटीतून धूर येत होता. तिच्यावर टाकायचं जाड कापड खुंटीवर नव्हतं.

"वहिनी, कापड कुठंय?" मी ओरडले.

"भिजत घातलंय! किती कळकट झालं होतं!"

दादा सरळ भिंगावर पालथा पडला. त्याच्या सावलीने ठिपका विझला, पण आत वायर धुमसतच होती. "आईला बाहेर काढा!" तो किंचाळला. मी धडधडत खाली गेले. वहिनीने आणि मी आईला उचललं. आई मात्र वैतागली होती. "आत्ता कुठे डोळा लागत होता," ती म्हणाली. तिला ओसरीवर बसवून आम्ही वर गेलो.

वहिनीने ओलं कापड आणलं. धूर थांबला होता.

"ऊठ रे दादा, आई बरी आहे."

तो उठेना. मान वळवून समोर बघत होता. रस्त्यापलीकडे इस्त्रीवाल्याच्या छपरावर त्याचीच पेटी होती, गेल्याच आठवड्यात बसवलेली. ढगाची सावली तिच्यावरून सरकत होती.

"तिच्यातही कडं नाहीये," दादा म्हणाला.

मी वहिनीच्या हातातलं ओलं कापड हिसकावलं आणि आम्ही दोघं जिन्याकडे पळालो. समोरच्या छपरावर ऊन पडलं होतं.