मसाई पठार आणि रोजचे पन्नास किलोमीटर

सायकलींची मागची कॅरिअरं मी स्वतः वेल्डिंग करून बनवली. ताडपत्रीच्या चार पिशव्या शिवल्या. सळई वाकवून बाटल्यांचे पिंजरे केले, चारही चाकांच्या तारा ओढल्या आणि नकाशावर दोरा ठेवून रोजचे किलोमीटरही मीच बसवले. कोल्हापूर, पन्हाळा, मसाई पठार, पावनखिंड, विशाळगड आणि परत. तीन दिवस, रोज पन्नास. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही.

पन्नासचा आकडा हवेतला नव्हता. भरलेल्या सायकली घेऊन कसबा बावड्यातून पेठ वडगावला जाऊन आलो, तेव्हा तासाला सोळा पडले. पायवाटेला दहा धरले. सोबत बाळगोंडा, माझा जुना मित्र, हातकणंगल्याकडचा जैन शेतकरी. दिवस मावळल्यावर तो जेवत नाही, म्हणून मुक्काम उजेडातच धरला होता.

पन्हाळ्यापर्यंत हिशेब चोख. गडावर झुणका-भाकर खाल्ली, दोघांचे दोनशे रुपये. मग डांबर संपलं आणि मी हादरलो. पठारावर जांभ्या दगडाची टोकं, पुढं गुरांच्या वाटा, उतारालासुद्धा सायकल हातात. तासाला चार! हँडलवरचा मीटर बिघडला असेल म्हणून ठोकून बघितला. मीटर ठीक होता.

कर्पेवाडीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पन्नासातले अकरा शिल्लक होते. एका घरासमोर थांबलो. दारातल्या मावशींनी आम्हाला खालवर न्याहाळलं.

"पावणं, सायकलीवर बसून आलाय, का सायकलींस्नी फिरवून आणलाय?"

"ह्येला इचारा," बाळगोंडा म्हणाला. "मी नुसता हमाल हाय."

मावशींनी नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं, पैशाला हात लावला नाही. बाळगोंडानं हात जोडले आणि तो ओसरीवर आडवा झाला. मी जेवलो. जेवता जेवता उरलेले अकरा दुसऱ्या दिवसात मिळवले. एकसष्ट!

झुंजुमुंजू व्हायच्या आत त्याला उठवलं. "आधी अकरा किलोमीटर, मग न्याहारी," मी बजावलं. तो सायकल घेऊन माझ्या मागं निघाला.

ऊन चांगलं वर आलं होतं. ओढ्याकडच्या उतारावर मागून नुसता धडाम असा आवाज आला. वळून बघतो तर बाळगोंडा खाली, सायकल त्याच्या अंगावर आणि दोन हातांवर ओढ्याचा कडा. सायकल उचलली. त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"काय झालं रं?"

"डोळ्यापुढं अंधारी आली."

"पाणी कधी प्यालास?"

"काल दिवस मावळायच्या आत."

रात्री तो जेवत नाही हे मला ठाऊक होतं. यंदापासून त्यानं रात्रीचं पाणीही सोडलं होतं, हे नव्हतं.

"आणि सकाळी? दिवस उगवून किती वेळ झाला! थांब म्हणायचं न्हाय व्हय?"

"तुजं अकरा किलोमीटर ऱ्हायल्यालं की."

मी बाटली पुढं केली. सोललेल्या तळहातानं त्यानं खिशातलं फडकं काढलं, बाटलीच्या तोंडाला लावलं, त्याच्या नेमाप्रमाणे पाणी गाळून घेतलं आणि मगच प्यायला. तो पीत असताना मला त्याच्याकडं बघवेना.

त्या दिवशी आम्ही चौदा किलोमीटर केले. वाटेत दोनदा जेवलो, तिसऱ्या प्रहरीच मुक्काम टाकला. तीन दिवसांचा प्रवास पाच दिवसांचा झाला. ही वाट करणाऱ्यांनी माझं एवढं ऐका: सडकेचा वेग पायवाटेला लावू नका, राहिलेलं अंतर दुसऱ्या दिवसावर चढवू नका, आणि किलोमीटर बसवण्याआधी सोबत्याला विचारा, तू खातोस कधी, पितोस कधी?

घरी आल्यावर बाळगोंडाचा हात पंधरवड्यात बरा झाला. माझ्या छातीतली त्या धडामची धडकी अजून गेलेली नाही. पावसाळा सरल्यावर पुण्याहून एक टूरवाला आला. वीस जण, हीच वाट, तीन दिवस, रोज पन्नास; पुढं राहून न्यायचं. मी म्हटलं, पाच दिवस करा. तो म्हणाला, लोकांना सुट्टी तीनच दिवस असते. मी नाही म्हणालो. तो साठ हजार देत होता.