वाघ सोडून कारखान्यावर

कणगीखाली झाडताना वीस बाजूंचा फासा सापडला. पुण्यात शिकणाऱ्या पुतणीनं दिलेला. खेळही तिनंच शिकवला होता: आपण गोष्ट सांगायची, पोरांनी त्यातली माणसं व्हायचं, काम जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. तिनं शिकवला त्या हिवाळ्यात मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते आणि त्यांची दोन लेकरं माझ्याकडं होती. चुलीत तुराट्या जळत होत्या. मी गोष्टीतल्या गुहेत वाघ आणला, तर नात म्हणाली, "मी कारखान्यावर चालले, आईकडं." मी म्हणाले, "गोष्ट गुहेतली हाय. वाघाचं बघ." तिनं फासा मुठीत आवळला. "मग मी खेळत न्हाई." नातू म्हणाला, "आज्जे, वाघाला खाऊ दे हिला." आई तोडीला गेल्यापासून पोर नीट जेवत नव्हती, बोलत होती ती फक्त या खेळात. ती खेळातून उठली असती तर तिला बोलतं करायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. मी म्हणाले, "जा. वाटंत नदी हाय, फासा टाक." तीन पडले. आकडा लहान, म्हणून मी तिची बैलगाडी चिखलात रुतवली. "मग चालत जाते," म्हणत तिनं परत टाकला, मोठा आकडा पडला आणि ती पोचली. "आता आईला काय सांगतीस?" तिनं जरा विचार केला. "भाकर दिली तिला. आता माघारी येते, न्हाईतर दादाला वाघ खाईल." वाघ मारून झाल्यावर तिनं खरोखरची अर्धी भाकर खाल्ली. तेव्हापासून पोरं जातील तिकडं मी गोष्ट नेते. आज सापडलेला फासा पुसून कोनाड्यात ठेवला. यंदा तोडीला चाललेल्या शेजारणीची लेकरंही माझ्याकडं राहणार आहेत.