कांबळे मॅडमचे फुगे

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी परिचर आहे. माझ्या वहीत तारीख, तापमान आणि लाईट गेल्याची वेळ लिहायची असते. समासात मात्र माणसं साचत जातात. कांबळे मॅडमच्या पीएचडीच्या सहा वर्षांत तो समासही पुरला नाही.

पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि त्यात प्रोटीनं बसलेली असतात. मॅडम तसल्याच चरबीचे सूक्ष्म फुगे बनवायच्या आणि प्रोटीन त्यात नेमकं कुठं बसतं ते शोधायच्या. मुदतवाढ शेवटची होती.

*

एकदा मॅडमच्या सासूबाई डबा घेऊन आल्या. मॅडमनी रश्श्यावरची तर्री दाखवली. "आई, हे तेल बघा. पाण्यापासून लांब, एकमेकांना धरून राहतंय. आवरण असंच जमतं."

"एवढ्यासाठी सा वर्सं घालीवलीस व्हय? मला इचारायचं की."

*

फुगे जमले, पण प्रोटीन सगळीकडं सारखंच पसरायचं. कोलेस्टेरॉल घातलं की चरबीत वेगळे ठिपके पडतात, मग प्रोटीन आपली जागा धरतं, असं मॅडम म्हणाल्या. मागणीपत्र ऑफिसात अडकलं.

हेडक्लार्क पाटील म्हणाले, "मामा, मला डॉक्टरनं कोलेस्टेरॉल बंद केलंय आणि तुम्ही इकत मागताय? माझ्यातलं न्या की."

मी रोज त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. अकराव्या दिवशी सही झाली.

*

फुग्यांची चरबी अंड्याच्या बलकातली. शेजारच्या खोलीतले चौगुले सर जैन, ते आमच्या फ्रीजला हातही लावायचे नाहीत.

एका दुपारी लाईट गेली. मॅडम वर्गावर, मी पन्हाळ्याला लग्नात. परत येऊन बघतो तर सगळ्या नळ्या बर्फात नीट ठेवलेल्या.

चौगुले सर म्हणाले, "हाताला रुमाल गुंडाळला होता. घरी बोलू नका."

*

तोंडी परीक्षेला पुण्याचे परीक्षक आले. "फोटो नकोत. फुगा प्रत्यक्ष दाखवा."

मॅडमनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि खालच्या रस्त्यावर एका तालमीच्या फुटबॉल संघाची विजयी मिरवणूक आली. आमच्याकडं तालमींचेच फुटबॉल संघ असतात. डॉल्बीनं टेबल थरथरायला लागलं. फुगे एकेक करून फुटले. शेवटचा एक राहिला.

मी जिना उतरलो आणि तालमीच्या अध्यक्षांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी माईक घेतला.

"गड्यांनो, वर मॅडमची परीक्षा हाय. त्येंचा फुगा फुटंल. पाच मिन्टं कुणी खोकायचं बी न्हाय."

मी वर आलो तेव्हा परीक्षक डोळा लावून बसले होते. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "बसलंय प्रोटीन, एकाच ठिपक्यात. अभिनंदन, मॅडम."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या.

खिडकीखालून दबक्या आवाजात अध्यक्षांनी विचारलं, "मामा, फुटला काय?"

"न्हाय."

"मग वाजवू?"

माझ्याआधी परीक्षकच खिडकीशी पोचले.

"वाजवा की."