भिंतीच्या रांगेला घंटी नव्हती

रुग्णालयात सर्व काही धुतले जाते. चादरी भट्टीत जातात, भांडी उकळतात, फरशी फिनेलने पुसली जाते. धुतले जात नाहीत ते फक्त किस्से. ते वॉर्डाच्या कोपऱ्यात साठत राहतात, आणि निवृत्त सिस्टरच्या घरी चार जुन्या मैत्रिणी चहाला जमल्या की एकामागून एक बाहेर निघतात. मी थट्टेखोर स्वभावाची नाही. आजारी माणसाला हसू नये, असे मला घरी शिकवले गेले आणि विहारातही. म्हणून पुढे जे हसण्यासारखे आहे ते आम्हा निरोगी माणसांचे आहे, असे समजावे.

तेलंगण वेगळे होण्याआधीची, आंध्र प्रदेशाच्या काळातली गोष्ट. आदिलाबादेतील एका रुग्णालयात पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डाची मी इन्चार्ज होते. तेथे डॉक्टर सत्यम नावाचे तरुण गृहस्थ मोठ्या पदवीसाठी संशोधन करायला आले. विषय होता पाठीच्या जखमा. ज्याचा मणका मोडतो, त्याच्या कमरेखालची जाणीव जाते. तो एकाच कुशीवर पडून राहिला की हाडाखालची कातडी दबते, काळवंडते आणि सडते. त्याला स्वतःला ते कळतही नाही.

डॉक्टरांचे म्हणणे असे, की दर दोन तासांनी घंटी वाजवून कूस बदलली तर जखम होणारच नाही. हे सिद्ध करायचे तर एका रांगेला घंटी हवी आणि दुसरीला नको. खिडकीच्या रांगेला घंटी मिळाली. भिंतीच्या रांगेला जुनीच पद्धत राहिली : हात रिकामे होतील तेव्हा कूस बदलायची.

इतकी साधी योजना होती. ती बिघडवायला कोणी वाईट माणूस लागला नाही.

*

घंटी आणायला आमचे अटेंडंट भूमन्ना बाजारात गेले. देवपूजेच्या दुकानाशिवाय घंटी मिळते कोठे? त्यांनी चांगली पितळी, नादाची घंटी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मनगटावरचे घड्याळ पाहून इशारा केला आणि भूमन्नांनी ती वाजवली.

खिडकीच्या संपूर्ण रांगेने हात जोडले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे मिटून आरतीचे पहिले शब्दही उच्चारले. कूस कोणीच बदलली नाही.

डॉक्टरांनी ती घंटी परत पाठवली. तिच्या जागी, शाळेत असतो तसा, लोखंडी रुळाचा तुकडा टांगला. तो वाजताच नातेवाईक ताटे घेऊन उभे राहिले.

शेवटी मला वॉर्डाच्या मध्यभागी उभे राहून सांगावे लागले, की ही घंटी देवाची नाही आणि जेवणाचीही नाही. ही पाठीची आहे. तेव्हापासून तिला "पाठीची घंटी" हेच नाव पडले. एका बाईंनी तेवढ्यात विचारून घेतले, "पण सिस्टरबाई, जेवणाची कवा वाजते?"

*

कोणता रुग्ण कोणत्या रांगेत, हे डॉक्टर चिठ्ठी काढून ठरवीत. संशोधनात आवडनिवड चालत नाही.

तामसी गावाकडचा किसनराव शेळ्यांसाठी पाला तोडताना बाभळीवरून पडला होता. मणका मोडला, जीभ शाबूत राहिली. त्याच्या नावाची चिठ्ठी भिंतीच्या रांगेची निघाली. त्याची बायको पार्वताबाई शेजारीच उभी होती. चिठ्ठी ऐकताना तिचा चेहरा मी पाहिला. तिच्या माहेरच्या गावी असाच एक माणूस रुग्णालयातून घरी परतला होता. त्याच्याजवळ माश्या हाकलायला कोणी तरी बसवावे लागे. तो पडण्याने मेला नाही, पाठीने मेला. म्हणून नवऱ्याचे चालणे पार्वताबाईने देवावर सोडले होते. तिला एकच हवे होते : त्याची पाठ धड राहिली पाहिजे.

खिडकीच्या रांगेची घंटी झाली. पार्वताबाई उठली, पदर खोचला आणि किसनरावाला उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर घेतले.

डॉक्टर लगबगीने आले. ही घंटी तुमची नव्हे, हे त्यांनी आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत समजावले. तिला समजले नसेल म्हणून मीही पुन्हा सांगितले. तिला पहिल्याच वेळी समजले होते.

"मंग माह्या कानात कापूस घाला, सिस्टरबाई. घंटी आयकू आली का माह्ये हात चालतेत."

मी कापूस घातला नाही. तो जखमांसाठी असतो. डॉक्टरांना मात्र त्यांच्याच नियमाची आठवण करून दिली : हात रिकामे होतील तेव्हा कूस बदलायची. पार्वताबाईचे हात नेमके घंटीच्या वेळी रिकामे होत, याला मी काय करणार?

*

वाईट सवय हळूहळू पसरते असे म्हणतात. चांगली सवय त्याहून लवकर पसरते, हे मी त्या वॉर्डात पाहिले. शेजारची बाई आपल्या माणसाची कूस बदलते आणि आपण बसून राहायचे, हे कोणाला शोभते? आठवडा संपण्याआधी भिंतीची सगळी रांग खिडकीच्या घंटीवर वळू लागली.

डॉक्टरांनी दोन्ही रांगांच्या मध्ये हिरवा पडदा लावला. पडद्याला कान नसतात, पण त्यातून आवाज जातो. मग त्यांनी घंटीच बंद केली. खिडकीकडे, पडद्याच्या आत, भूमन्नांनी लाल फडके उंच करायचे आणि लोकांनी निमूटपणे कूस बदलायची, असे ठरले. वॉर्ड शांत झाला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

त्याच दिवशी खिडकीकडच्या शांतामावशींना खोकला सुरू झाला. त्या आपल्या मुलाजवळ असत. ढास अशी, की पडद्यापलीकडे सहज पोहोचावी. भिंतीची रांग ती ऐके आणि वळे.

डॉक्टर मनाने सरळ. त्यांना मावशींच्या फुप्फुसांची काळजी वाटली. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. मी त्यांच्या हाती तो देत म्हटले, "डॉक्टरसाहेब, क्षय दोन दोन तासांनी खोकत नाही."

दुसऱ्या दिवशी पडदा गेला, आणि रुळाचा तुकडा पुन्हा आपल्या खुंटीवर आला.

*

त्याच सुमारास बाहेरच्या खोलीत दातांच्या डॉक्टर असलेल्या एक मॅडम जबड्याच्या सांध्यावर संशोधन करीत होत्या. कानापुढे दोन्ही बाजूंना बोटे ठेवून त्या माणसाला तोंड उघडायला व मिटायला सांगत, आणि सांधा कटकटतो का ते पाहत. तोंड पुरेसे उघडते की नाही यासाठी त्यांची एक सोपी परीक्षा होती. रुग्णाने स्वतःची तीन बोटे, एकावर एक उभी धरून, दातांच्या मध्ये घालायची. तीन गेली तर जबडा ठीक.

तुलनेसाठी त्यांना दुखणे नसलेले जबडेही हवे होते, म्हणून त्या आमच्या वॉर्डात आल्या. किसनरावाची दोनच बोटे गेली. तिसरे काही केल्या जाईना. मॅडमनी गंभीरपणे मान हलवली आणि जबडा आखडल्याची नोंद करू लागल्या.

किसनराव म्हणाला, "लिवा बाई, लिवा. पण तोंडाचं लिवू नका, बोटाइच्या जाडीचं लिवा. तोंड त माह्यं इतकं उघडते का बायको दोन्ही हातानं झाकते."

पार्वताबाई तिकडे पाहतही नव्हती. तिने तेथूनच, तोंड झाकायच्या तयारीने, हात उचलून दाखवला.

*

हसता हसता मॅडमचे लक्ष पार्वताबाईकडे गेले. ती भाकरीचा तुकडा चावताना एका बाजूचा गाल धरीत होती. मॅडमनी बोटे ठेवून पाहिले : दोन्ही सांधे सुजलेले, दाबले की दुखणारे. कारणही लगेच सापडले. भरल्या अंगाचा माणूस उलटवताना ती दात आवळीत असे.

औषध सोपे होते. दात आवळायचे नाहीत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मॅडमनी हे तिला दोनदा म्हणून दाखवायला लावले. पार्वताबाईने म्हणून दाखवले, मग विचारले, दात सुटे ठेवून माणूस उचलता येतो काय?

येतो, मॅडम म्हणाल्या, सर्व काही सरावाचे आहे. त्या सुशिक्षित होत्या आणि प्रामाणिकही. त्यांनी बाह्या सावरल्या, किसनरावाच्या खांद्याखाली व कमरेखाली हात घातले, आणि ओठ मिटून, दात सुटे ठेवून त्याला वळवायला लागल्या.

किसनराव अर्ध्यात अडकला. तेव्हा मॅडमनी जोर केला, आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी असूनही तो कट् असा आवाज ऐकला.

मॅडमचा हात आपोआप कानाजवळ गेला. पार्वताबाई त्यांच्याकडे मोठ्या मायेने पाहत राहिली.

*

पुढचा प्रसंग सांगताना मी आजही हसत नाही.

एके दुपारी डॉक्टरांचे घड्याळ हरवले. किसनरावाची पाठ तपासताना हात धुवावे म्हणून त्यांनी ते काढले होते, एवढेच त्यांना आठवे. भूमन्ना त्याच घड्याळावर घंटी देत. घड्याळ नाही, तर घंटी नाही. डॉक्टर टेबलाखाली वाकले, कपाट रिकामे केले, भूमन्नांना अंगणात पाठवले. खिडकीची रांग मुकाट्याने घंटीची वाट पाहत पडून राहिली. ज्यांच्यासाठी घंटी होती, त्यांची कूस कोणीच बदलली नाही.

पार्वताबाईने काही वेळ वाट पाहिली. मग भिंतीवर सरकलेले ऊन पाहिले, उठली आणि किसनरावाला वळवले.

घड्याळ त्याच्या कमरेच्या हाडाखाली होते. कातडीवर त्याचा गोल, लालभडक ठसा उमटला होता. पट्ट्याची बक्कलसुद्धा दिसत होती. किसनरावाला त्यातले काहीच कळले नव्हते. तो त्या वेळी शेजाऱ्याला पोळ्याच्या बैलांची गोष्ट सांगत होता.

पार्वताबाईने घड्याळ पदराला पुसले आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवले.

"घ्या साहेब. तुमचे दोन तास माह्या माणसाच्या पाठीखाली होते."

डॉक्टरांनी घड्याळ घेतले, पण मनगटावर बांधले नाही. ते पलंगाजवळ उभे राहून लाल ठशाकडे पाहत राहिले. संध्याकाळी लाली उतरू लागली, तेव्हाच ते चहा प्यायला गेले. त्यानंतर पार्वताबाईला त्यांनी कधी टोकले नाही.

*

पण संशोधन एकट्या डॉक्टरांचे नव्हते. त्यांचे गुरू, हैदराबादचे मोठे सर, काम पाहायला आले. केस पांढरे, इस्त्री कडक, बोलणे तेलुगूत किंवा इंग्रजीत. त्यांनी प्रत्येक पाठ स्वतः तपासली. एकाही पाठीवर जखम नव्हती.

मला वाटले, सर शाबासकी देतील. सरांनी विचारले, यात घंटी नसलेली रांग कोणती? डॉक्टरांनी भिंतीच्या रांगेकडे बोट दाखवले.

सर रागावले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, की दोन्हीकडे सारखेच दिसत असेल तर घंटीने काय केले हे सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते संशोधन नव्हे. आजपासून भिंतीच्या रांगेचे नातेवाईक व्हरांड्यात बसतील. सकाळ-संध्याकाळ भेटीपुरते आत येतील. कूस सिस्टर बदलतील, हात रिकामे होतील तेव्हा. हे नियम लेखी हवेत म्हणून सरांनी कागद मागवला, किसनरावाच्या पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसले आणि लिहू लागले. मसुदा त्यांच्या मनासारखा होईना. ते लिहीत, खोडीत आणि पुन्हा लिहीत.

माझ्या हाताखाली किती नर्सेस होत्या आणि त्यांचे हात कधी रिकामे होत, हे मला माहीत होते. पार्वताबाईलाही माहीत होते. सरांचा हुकूम मी तिला मराठीत सांगितला. तिने व्हरांड्याच्या दाराकडे पाहिले. किसनरावाची गोष्ट अर्ध्यात थांबली, आणि असे प्रथमच घडत होते.

तेवढ्यात भूमन्नांनी घंटी दिली.

पार्वताबाई अजून वॉर्डात होती. तिने पदर खोचला, दात आवळले आणि नवऱ्याला डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर घेतले. पाठीवर हात फिरवून पाहिला. चादरीची सुरकुती काढली. मग सरळ वळून ती सरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"साहेब, घंटी झाली. तुमी बी सरका. कवाचे एकाच बुडावर बसून राह्यले."

डॉक्टर सत्यमना मराठी पुरेशी येत होती; ते खिडकीबाहेर पाहू लागले. सरांना येत नव्हती. त्यांनी माझ्याकडे वळून तेलुगूत विचारले, ही काय म्हणते?

खोटे बोलणार नाही, हे शील मी रोज सकाळी घेते. शरीराच्या त्या भागाला तेलुगूत सभ्य शब्द आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हते. असभ्य ठाऊक होता.

मी सांगितले.

सरांनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग किसनरावाच्या उघड्या पाठीकडे. त्या पाठीवर एकही डाग नव्हता. नंतर त्यांनी अंगाचा भार सावकाश दुसऱ्या बाजूवर घेतला, पेनाला टोपण लावले आणि तो कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.