कोळी, माझा हात आणि दिरांचं ज्ञान

चिंचणीला सासरच्या वाडीत चिकूचे रिकामे क्रेट एकावर एक रचून ठेवलेले असतात. त्यातला एक उचलायला मी न बघता हात घातला आणि अंगठ्याजवळ सुई टोचावी तशी कळ गेली. क्रेट खाली पडला. त्यातून चपटा, तपकिरी, लांब पायांचा कोळी निघाला आणि सरसर भिंतीवर चढला.

सासूबाईंनी हात बघितला. "कोळी मुतला हाय, दुसरं काय नाय," म्हणाल्या आणि हळद थापली. त्यांना निदान साठ वर्षांचा अनुभव तरी होता. माझ्या धाकट्या दिरांकडे फक्त मोबाइल होता. बोईसरला कारखान्यात सुरक्षेचं काम बघतात, त्यामुळे जगातला प्रत्येक धोका आपल्याच अखत्यारीत येतो असं त्यांना वाटतं.

"वहिनी, आपल्याकडचे कोळी चावतच नाहीत. तुम्हाला खिळा लागला असेल."

"खिळा भिंतीवर चढत गेला का?"

यावर त्यांनी मला परदेशातल्या कुठल्या तरी केसाळ कोळ्याचा व्हिडिओ दाखवला.

संध्याकाळपर्यंत हात मनगटापर्यंत सुजला. बांगडी निघेना. पालघरच्या डॉक्टरांनी ती कापली, इंजेक्शन दिलं आणि दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. सूज आठवड्याभरात उतरली, पण न बघता क्रेटला हात लावायची हिंमत होईना. काम तर टळणार नव्हतं. मग मी जाड हातमोजे घेतले. क्रेट आधी काठीने ठोकायचा, उलटा करून आपटायचा, मगच उचलायचा. घरात कोळी दिसला की त्याच्यावर पेला पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि वाडीच्या कुंपणापलीकडे सोडून द्यायचा. पहिल्या कोळ्यावर तीनदा पेला घालावा लागला. आता एकदाच पुरतो.

दिवाळीत दिरांचे साहेब सहकुटुंब आले. बैठकीच्या खोलीत पडद्यावर कोळी होता. मी पेला आणायला वळले.

"राहू द्या वहिनी, यात काय एवढं," म्हणत दिरांनी तो चिमटीत धरायला हात पुढे केला. कोळी त्यांच्या बाहीत शिरला. पुढचं काय सांगू! सुरक्षेचं काम बघणारे आमचे दीर साहेबांच्या बायकोसमोर सदरा काढून नाचत होते. कोळी चावलासुद्धा नाही. चावण्याइतकीही किंमत दिली नाही, तेवढा अपमान त्यानेही केला. तो सोफ्याखाली पळाला, तिथून मी त्याला पेल्यात घेतलं.

निघताना साहेब मला सगळं विचारून गेले, पुठ्ठा कसा सरकवायचा तेही. दीर उघडेच उभे होते, पण माझ्याआधी उत्तरं त्यांनीच दिली.